'वी आर नॉट नंबर्स' : युसुफ दवासची बाग इथे अजून वाचायला मिळते

हा रिव्ह्यू लिहायचा म्हणून दोनदा बसले आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर उठले, आज मात्र पूर्ण करते. रिव्ह्यू आहे 'वी आर नॉट नंबर्स' या सर्व्हिसचा. सर्व्हिस म्हणावं की नाही माहीत नाही, पण नवीन कुणाला सांगायचं तर असं की ही एक वेबसाइट आहे, गाझामधली तरुण पोरंपोरी इथे स्वतःच्या आयुष्यावर लेख आणि कविता लिहितात, इंग्रजीतून, आणि जगात कुठूनही कुणीही ते वाचू शकतं. एक पैसा लागत नाही. नावाचा अर्थ सरळ आहे, आम्ही म्हणजे नुसते आकडे नाही.

मी इथे पोचले ते ऑक्टोबर 2023 मध्ये. तेव्हाचे दिवस आठवत असतील. 7 तारखेला हमासने इस्रायलमध्ये हल्ला केला, जवळपास 1,200 माणसं मारली, 251 जणांना ओलीस धरून नेलं, आणि त्याच दिवसापासून गाझावर बॉम्ब पडायला लागले. मी रोज रात्री फोनवर बातम्या बघायचे आणि रोज आकडा वाढलेला असायचा. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी फक्त आकडा बघून फोन ठेवतेय, काल एवढे होते, आज एवढे. त्या आकड्यात एक माणूस तरी मला माहीत आहे का, तर नाही. याची मला स्वतःलाच लाज वाटली, आणि तेव्हाच कुणीतरी एक लिंक पाठवली, की हा मुलगा परवा गेला, त्याने हे आधी लिहिलं होतं, वाच.

तो मुलगा युसुफ माहेर दवास. गाझा पट्टीच्या उत्तर टोकाला बेत लाहिया म्हणून गाव आहे, तिथला. विशीतला, लिहिणारा. 'वी आर नॉट नंबर्स'साठी लिहायचा, 'पॅलेस्टाइन क्रॉनिकल'साठीही लिहायचा. 14 ऑक्टोबर 2023 ला त्याच्या घरावर मिसाईल पडलं आणि घरातल्या माणसांसकट तो गेला. आदल्याच दिवशी, 13 ला, उत्तर गाझातल्या 11 लाख लोकांना घरंदारं सोडून दक्षिणेला जा असा इस्रायली सैन्याचा हुकूम आला होता. 11 लाख माणसं, त्यात म्हातारी, आजारी, बाळंतीण, सगळी आली. पत्रकारांच्या हत्यांची नोंद ठेवणारी सीपीजे ही संस्था आहे, तिच्या यादीत युसुफचं नाव आहे.

पण मी त्याला त्या यादीतून ओळखत नाही, मी त्याला त्याच्या बागेवरून ओळखते, आणि ही ओळख ज्यांनी करून दिली त्यांच्याबद्दल हा रिव्ह्यू आहे.

त्याचा तो लेख जानेवारी 2023 चा आहे, म्हणजे तो जाण्याच्या नऊ महिने आधीचा. घरच्यांची फळबाग होती, त्या बागेवर मिसाईल पडून ती उद्ध्वस्त झाली, त्याबद्दल. त्यात तो कुठली झाडं होती ते सांगतो. ऑलिव्ह, संत्री, क्लेमेंटाइन म्हणजे ती छोटी गोड संत्री, लोकाट, पेरू, लिंबं, डाळिंबं. मी तिथेच थांबले. ही यादी वाचताना मला डिक्शनरी लागली नाही हो. संत्रं, पेरू, लिंबू, डाळिंब, सातातली चार फळं तर मी लहानपणापासून बघत आलेली. तोपर्यंत गाझा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर फक्त राखाडी रंगाचा ढिगारा यायचा, कारण टीव्हीवर तेवढंच दाखवतात, आणि इथे एक पोरगा मला सांगत होता की आमच्याकडे पेरूची झाडं होती. बेत लाहिया तर स्ट्रॉबेरीचं गाव म्हणून ओळखलं जातं, तिथल्या स्ट्रॉबेरीला गाझात लाल सोनं म्हणतात, हेही मला नंतरच कळलं.

लेखाच्या शीर्षकातच त्याने विचारलंय की आमची ही गेलेली 20 वर्षं कोण भरून देणार. बघा, पैसे किती बुडाले असं त्याने नाही विचारलं, वर्षं विचारली. झाड ज्याने वाढवलंय त्यालाच असा हिशोब सुचतो. आमच्या घरी शेती आहे म्हणून मला हे जरा जास्त लागलं असेल. संत्र्याला फळ धरायला चारपाच वर्षं लागतात, ऑलिव्ह तर त्याहून संथ, नीट भरायला दहापंधरा वर्षं घेतो आणि मग शेकडो वर्षं देत राहतो. नवीन रोप उद्या लावता येईल, पण मधली वर्षं कुठून आणणार, ज्याने पहिलं झाड लावलं त्याचं वय आता कुठे राहिलंय. घर पडलं तर त्याची किंमत सरकारी कागदावर कुणीतरी लिहितो तरी, बागेत घातलेल्या वर्षांची कुठल्याच कागदावर नोंद नसते, आणि या पोराने ती नोंद लिहून ठेवली. एवढ्या लहान वयात एवढं नेमकं बोट कशावर ठेवायचं हे त्याला कळत होतं, आणि तो पुढे काय काय लिहू शकला असता याचा विचार मी करायला लागले की मला फार त्रास होतो.

आता सर्व्हिसबद्दल, कारण हे सगळं आपोआप झालेलं नाही.

सुरुवात झाली ती 2014 च्या युद्धातून. त्या उन्हाळ्यात गाझात 2,251 पॅलेस्टिनी मारले गेले असं युनोच्या चौकशी अहवालात आहे. त्यात अहमद अलनौक नावाच्या तरुणाचा भाऊ होता, अयमन. भाऊ गेल्यावर अहमद पार खचला. पॅम बेली नावाच्या एका अमेरिकन पत्रकार बाईंनी त्याला सांगितलं की भावाबद्दल लिही, इंग्रजीत लिही. त्याने लिहिलं, त्या मदतीला होत्या, ते छापून आलं आणि कुठल्या कुठल्या देशातून लोकांनी त्याला उत्तरं पाठवली. त्यातून त्याला जरा उभारी आली, आणि मग दोघांच्या डोक्यात आलं की ही गोष्ट एकाच पोरासाठी का, सगळ्यांसाठी करूया. 2015 मध्ये काम सुरू झालं. म्हणजे हे काही कुठल्या ऑफिसात बसून काढलेलं प्रोजेक्ट नाही, एका भावाच्या दुःखातून निघालेलं आहे, आणि वाचताना ते जाणवतं.

पद्धत अशी की गाझामधल्या तरुणांना लिखाणाचं काही महिन्यांचं ट्रेनिंग देतात, आणि प्रत्येकाला बाहेरच्या देशातला एक मेंटॉर जोडून देतात, ज्याचं इंग्रजी पक्कं आहे, जो स्वतः लेखक किंवा पत्रकार आहे. तो मेंटॉर स्वतःचा वेळ देतो, मुलाचा ड्राफ्ट वाचतो, हे नीट कळत नाही, इथे अजून सांग, हा शब्द बदल, असं करत करत लेख तयार होतो. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटली की त्या मुलाला कुणीतरी प्रश्न विचारतंय. तुझ्या बागेत काय होतं, तुझी आजी काय म्हणायची, त्या दिवशी तू कुठला शर्ट घातला होतास. गाझामधल्या माणसाला एरवी जग काय विचारतं, तर किती मेले. आणि 365 चौरस किलोमीटरच्या पट्टीत कोंडलेल्या पोरांना, ज्यातल्या बहुतेकांनी बाहेरचं जग कधी पाहिलेलंच नाही, त्यांना बाहेरचा एक माणूस आपल्या वाक्यावर अर्धा तास घालवतोय याचं केवढं अप्रूप वाटत असेल.

लेखांमध्ये फक्त बॉम्ब नाहीत हे मुद्दाम सांगते, कारण मीही आधी याच भीतीने उघडत नव्हते, की रोज रडायला होणार. परीक्षा आहेत, लाईट जाणं आहे, युद्धाच्या आधीसुद्धा तिथे वीज दिवसातून काही तासच असायची आणि त्या तासांवर घरादाराचं टाइमटेबल चालायचं, कपडे कधी धुवायचे, फोन कधी चार्ज करायचा, अभ्यास कधी करायचा. समुद्र आहे. इजिप्तकडे जाणारी रफाहची बॉर्डर उघडायची वाट बघणं आहे, हातात अॅडमिशनचं पत्र असून बाहेर पडता न येणं आहे. प्रेमात पडणं आहे, आईशी भांडणं आहेत. कुणी विनोदी लिहितं, कुणाचं जरा शाळेतल्या निबंधासारखं होतं, पहिल्यांदाच लिहितंय हे कळतं, पण मला तेही आवडतं, कारण एखाद्या कच्च्या लेखात मध्येच एक असं वाक्य येतं की ते दुसऱ्या कुणाला सुचूच शकत नाही.

आणि यातच या सर्व्हिसची सगळ्यात मोठी ताकद आहे असं माझं मत. बातमीत माणूस आपल्याला मेल्यावर भेटतो. नाव, वय, कुठे मारला गेला, संपलं. इथे तो जिवंत असताना भेटतो, स्वतःच्या तोंडाने बोलतो, रागावतो, बढाई मारतो, बागेचं कौतुक सांगतो. मग तो गेल्याचं कळतं तेव्हा नेमकं काय गेलं हे तुम्हाला माहीत असतं. युसुफबद्दल मला कुणी 'निष्पाप तरुण ठार' एवढंच सांगितलं असतं तर मी वाईट वाटून पुढे गेले असते. पण आता लोकाटचं झाड हा शब्द जरी कुठे दिसला तरी मला तो आठवतो.

त्या एका ऑक्टोबर महिन्यात या लोकांवर जे कोसळलं ते सांगायला पाहिजे. युसुफ 14 ला गेला. 22 ला देर अल-बलाहमध्ये, या गावाच्या नावाचा अर्थ खजुराच्या झाडांचा मठ, तिथे अहमदच्या घरावर बॉम्ब पडला. अहमद स्वतः तेव्हा लंडनला होता. त्याचे वडील, भाऊ, बहिणी आणि त्या सगळ्यांची लहान लहान मुलं मिळून घरातली 21 माणसं एका वेळी गेली. त्यात त्याचा धाकटा भाऊ महमूद, तो पण इथे लिहायचा, त्याला ऑस्ट्रेलियात मास्टर्स करायला स्कॉलरशिप मिळाली होती. ज्या माणसाने एका भावाच्या दुःखातून हे उभं केलं त्याच्यावरच ही वेळ आली. 27 ला गाझाचा फोन आणि इंटरनेट सगळंच बंद पडलं, कुणाचा कुणाशी संपर्क नाही, आणि लांबच्या देशांत बसलेले ते मेंटॉर फोनकडे बघत बसले असतील, माझ्या मुलीचा मेसेज का येत नाही. मग 6 डिसेंबरला रफात अलअरीर गेले, गाझाच्या इस्लामिक युनिव्हर्सिटीत इंग्रजी साहित्य शिकवायचे, कवी होते, या पोरांना लिहायला शिकवणाऱ्यांपैकी एक, तेही हवाई हल्ल्यातच. आता गाझामधल्या मृतांची संख्या तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीप्रमाणे 60,000 च्या वर गेली आहे.

एवढं होऊनही हे बंद पडलं नाही. तंबूतून, फोनच्या चार्जिंगसाठी रांगा लावून, पोरं लिहीत राहिली आणि लेख येत राहिले. बाहेरच्या पत्रकारांना इस्रायल स्वतंत्रपणे गाझात जाऊ देत नाही, त्यामुळे तिथे आत काय चाललंय हे कळायचं तर तिथल्याच माणसांकडून, आणि त्यात ही पोरं आहेत.

वाचणाऱ्यांसाठी काही गोष्टी. इंग्रजी फार अवघड नाही, कारण लिहिणाऱ्यांचीही ती मातृभाषा नाही, त्यामुळे वाक्यं सरळ असतात. दहावी-बारावीच्या मुलाला सहज जमेल, आणि घरात त्या वयाचं कुणी असेल तर त्याच्याबरोबर बसून वाचा, मी तर म्हणेन आवर्जून वाचा. बरेचसे लेख छोटे आहेत, दहाएक मिनिटांत एक होतो. मात्र एका बैठकीत पाचसहा वाचू नका. मी सुरुवातीला वाचले आणि मग मला काहीच जाणवेनासं झालं, परत ते आकडे बघितल्यासारखंच व्हायला लागलं. तेव्हापासून एका दिवशी एकच. तो वाचायचा, लिहिणाऱ्याचं नाव नीट मोठ्याने म्हणायचं, आणि त्याच्या नावावर आधीचं काही लिहिलेलं आहे का ते बघायचं. लेखकाचं आधीचं लिखाण बघणं फार महत्त्वाचं, कारण तोच मुलगा 2019 मध्ये क्रिकेटवेड्या पोरांसारखा फुटबॉलबद्दल लिहीत असू शकतो आणि 2024 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या रांगेबद्दल, आणि हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मधे काय झालं ते कळत नाही.

पैसे द्यायचे असतील तर देणगी देता येते, काम त्यावरच चालतं. नाही दिले तरी वाचायला काही अडत नाही.

युसुफचा लेख मी एका रविवारी आमच्या दादांना वाचून दाखवला. दादा म्हणजे माझे वडील, 74 वर्षांचे आहेत, इंग्रजी येत नाही, म्हणून मी वाचत वाचत मराठीत सांगत गेले. राजकारणातलं त्यांना मी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हटलं एका पोराने त्यांच्या बागेबद्दल लिहिलंय. ते डोळे मिटून ऐकत होते. झाडांची नावं आली तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं लोकाट म्हणजे कसलं, मी फोनवर फोटो दाखवला, पिवळी पिवळी फळं, घोसाने लागतात. मग म्हणाले पुढे वाच. बाग गेल्याचं आलं तेव्हा त्यांनी हाताने नुसतं 'थांब' असं केलं आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "मग परत लावली का त्यांनी?"

मी त्यांना शेवट सांगितलेला नव्हता. मला वाटलं होतं लेख संपला की हळूच सांगू. पण त्यांनी असं विचारल्यावर सांगावंच लागलं, की दादा, ज्याने हे लिहिलं तो पोरगाच गेला, लेख लिहिल्यावर नऊ महिन्यांनी, घरावर मिसाईल पडलं. ते उठून अंगणात गेले. संध्याकाळपर्यंत या विषयावर आम्ही बोललो नाही.

माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि हे मी दयेपोटी देत नाहीये. लिखाण चांगलं आहे, त्यामागची मेहनत खरी आहे, आणि दोन वर्षांत माझ्या फोनवरच्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने मला एवढं दिलेलं नाही. कुठून सुरुवात करू असं विचारलंत तर युसुफच्या बागेपासून करा. मग अहमदने भावाबद्दल लिहिलेलं वाचा. मग तुम्हाला जे नाव दिसेल ते.

त्या रविवारनंतर चारपाच दिवसांनी दादा जेवताना म्हणाले, "त्या बागवाल्या पोराचं अजून काही लिहिलेलं आहे का गं? असेल तर वाच." त्या रात्री आम्ही दोघांनी परत तोच लेख पहिल्यापासून वाचला, आणि या वेळी झाडांची नावं त्यांनीच म्हटली, लोकाटसकट.